दुभाष्याच्या शोधात

साहित्याच्या अभ्यासकाला ‘वाचणे’ ह्या क्रियापदाविषयी सहसा संशय येत नाही. पोथी असो, बखर असो, की कालपरवा छापून आलेला कवितासंग्रह. डोळे आणि लिपी एवढे जवळ असले की वाचन घडते असे आपण धरून चालतो. पुढचे सारे वाद अर्थाचे, आस्वादाचे आणि मूल्यमापनाचे. अध्यापनाची आणि समीक्षालेखनाची माझी सारी वर्षे ह्याच गृहीतावर उभी होती. वाचन घडण्याआधीही एक मजकूर असतो आणि तो कोणालाही न वाचता येता तसाच पडून राहू शकतो, ही गोष्ट मला पाठचिकित्सेच्या ग्रंथांतून ठाऊक होती. घरातल्या डब्यातून ती ठाऊक व्हायची होती.

घर शहपुऱ्याचे. जबलपूरहून भोपाळच्या रस्त्याला लागले की तेवर लागते, मग भेडाघाटचा फाटा, आणि तासाभरात शहपुरा. रेल्वेने आलात तर स्थानकाचे नाव भिटोनी. हिवाळ्यात इथे मटारच्या पोत्यांनी भरलेल्या गाड्यांखेरीज रस्त्यावर दुसरे काही दिसत नाही. तेवर म्हणजे कलचुरींची त्रिपुरी. राजशेखराचे ‘विद्धशालभंजिका’ ह्या राजधानीत रंगभूमीवर आले आणि त्याचा पणजा अकालजलद ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणवला जाई, ही माहिती मी वर्गात मोठ्या उत्साहाने सांगत असे. नर्मदाकाठचे मराठीपण फार जुने आहे असे सुचवण्याचा तो माझा भाबडा मार्ग होता. आमच्या घराण्याचा संबंध त्या मानाने अलीकडचा. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतले, १७९८ मध्ये नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांकडे आले, आणि १८१७-१८ मध्ये इंग्रजांनी ते काढून घेतले. ह्या मधल्या वीसेक वर्षांत आमचा कोणी पूर्वज हिशेबनीस म्हणून आला आणि राज्य गेल्यावरही परतला नाही, असे घरात सांगत.

डब्यात वरच्या बाजूला रुमालात बांधलेले मोडी कागद होते: जमिनीचे, देण्याघेण्याचे, एकदोन पत्रे. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक यंत्र, साधारण विटेएवढे, आणि पाच कार्ट्रिजे. चारांवर थोरल्या बंधूंच्या, म्हणजे दादांच्या, टपोऱ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या: ‘शब्दसंग्रह १’ ते ‘४’, १९९६. पाचवे कोरे.

दादा टेलिफोन खात्यात इंजिनिअर होते. पदव्या माझ्याजवळ, भाषेचे वेड त्यांच्याजवळ, असे घरात थट्टेने म्हटले जाई आणि त्यात पुष्कळ तथ्य होते. जबलपूर, सागर, दमोह ह्या पट्ट्यातली मराठी घरे आठदहा पिढ्या बुंदेली आणि हिंदीच्या शेजारात राहिली. त्यांच्या बोलीत नागपूरकडचे ‘येऊन राहिलो’ होतेच, शिवाय स्वयंपाकघरात, अंगणात, आजारपणात वापरायचे असे शेकडो शब्द होते, जे कोणत्याही मराठी कोशात नव्हते आणि ज्यांना हिंदी कोशांनी मराठी म्हणून सोडले असते. दादांनी ते चिठ्ठ्यांवर टिपले. आईकडून, आत्याकडून, नात्यातल्या आणि ओळखीच्या म्हाताऱ्या बायकांकडून. वहिनींनी घरोघर फिरून निम्म्याहून अधिक शब्द आणले. मग दादांनी संगणक घेतला, सारे टंकून काढले, आणि जागा पुरेना म्हणून फितीवर उतरवले. पुढे संगणक जुना झाला म्हणून विकला गेला, चिठ्ठ्यांची खोकी वाळवीने पोखरली, २००१ मध्ये आई गेली आणि काही वर्षांनी दादाही गेले. उरला हा डबा.

मोडी कागद मी तासाभरात वाचून काढले. मोडी मी शिकलो ती प्रबंधाच्या निमित्ताने. शाळांतून तिचे शिक्षण १९५० च्या सुमारास थांबले होते, पण अक्षरे दाखवणारे वृद्ध गुरुजी तेव्हा भेटत. दोनशे वर्षांपूर्वीचा कारकून माझ्याशी थेट बोलला, व्याजाचा दरही सांगून गेला. ज्या भावाच्या पंक्तीला मी पन्नास वर्षे बसलो त्याचे १९९६ चे लिहिणे मात्र माझ्या हातात होते आणि मुके होते.

ती फीत पाव इंच रुंद, सुमारे तीनशे फूट लांब. एका कार्ट्रिजमध्ये १२० मेगाबाइट. फ्लॉपीवर जेव्हा दीड मेगाबाइटही मावत नसे तेव्हा ही चैन होती. ह्या जातीला क्यूआयसी-८० म्हणत. तिच्यावर अठ्ठावीस समांतर ओळी असतात. यंत्र एक ओळ टोकापर्यंत लिहीत जाते आणि दुसरी उलट्या दिशेने लिहीत परत येते, शेताच्या कडेला नांगर वळवावा तसे. हे सगळे मला समजावून देणारा मुलगा जबलपूरला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमच्याच गल्लीतला, घरची भाषा हिंदी. त्याचा जन्म ह्या फितींनंतरचा. त्यानेच मला सांगितले की यंत्र असून उपयोग नाही, त्याचा ‘ड्रायव्हर’ पाहिजे.

ह्या शब्दाने शहपुऱ्यात थोडी करमणूक झाली. शेजारचे मटारवाले गृहस्थ ओट्यावर बसले होते. ‘‘ड्रायवर तो मिल जाएगा, पंडितजी, गाड़ी कौन सी है?’’ असे त्यांनी विचारले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच एक होतकरू तरुण परवाना घेऊन दाराशी हजर झाला. त्याला चहा देऊन परत पाठवावे लागले.

पण मटारवाल्यांना हसणाऱ्या आपणा शिकल्यासवरल्यांनीही ह्या शब्दाचा विचार केलेला नसतो. परिभाषेत त्याला ‘चालक’ म्हणतात. ते भाषांतर मला पटत नाही. हा प्राणी काही चालवत नाही. तो दुभाषा आहे. एका बाजूला संगणकाचे राज्य, दुसऱ्या बाजूला एखादे परके यंत्र. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मध्ये हा उभा. जुन्या दरबारांत फिरंग्यांचा वकील आला की दुभाष्याला बोलावीत, आणि तहाच्या कागदावर त्याचे नाव कुठेच येत नसे. राज्य बदलले की त्याची चाकरी जाई. इथेही तसेच होते. संगणकाची नवी आज्ञावली आली की जुने दुभाषे निरोप घेतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांना ठाऊक असलेली भाषा जाते.

आमच्या यंत्राची भाषा तर विलक्षण. ते स्वतःच्या तारेने बोलत नाही. फ्लॉपीच्या तारेवर उपऱ्यासारखे बसते. फ्लॉपीच्या यंत्राला संगणक एकच साधी खूण वारंवार करतो: डोके एक पाऊल पुढे, आणखी एक पाऊल. फीतयंत्राने त्याच खुणा मोजायच्या. इतक्या पावलांचा अर्थ ‘फीत गुंडाळ’, तितक्यांचा अर्थ ‘वाचायला लाग’. दाराची कडी किती वेळा वाजली ह्यावरून आत कोण आले आहे हे ओळखावे तसे. उत्तर द्यायचे तेही अशाच उसन्या तारेवर. ‘डोके पहिल्या ओळीवर आहे’ एवढेच सांगण्यासाठी असलेल्या तारेवरून एकेक होय-नाही करत. गरिबीने काढलेली ही युक्ती आहे. वेगळे कार्ड विकत घ्यावे लागू नये म्हणून कोणा तंत्रज्ञांनी रचलेली ही सांकेतिक बोली ऐकून दादा किती खूष झाले असतील ह्याची मला कल्पना येते. टेलिफोनची घंटा मोजण्यात त्यांचे आयुष्य गेले होते.

आता शोधाची कहाणी. ती फार लांबवत नाही. जबलपूरच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये, जिथे सारे शहर संगणक आणि मोबाइल नीट करायला जाते, एका दुकानदाराने यंत्र उलटसुलट पाहून ते कशाचे आहे हे मलाच विचारले. दूरच्या महानगरातल्या एका कंपनीने, जिचा धंदाच हरवलेली माहिती परत मिळवण्याचा आहे, प्रत्येक कार्ट्रिजमागे असा आकडा सांगितला की चारांच्या खर्चात आमच्या घराचे छप्पर नवे झाले असते. आणि यश न आल्यास रक्कम परत नाही. शेवटी गुरंदी बाजार धावून आला. जबलपूरकरांना गुरंदी सांगायला नको. मोडके, उसवलेले, चोरलेले, टाकलेले असे सर्व काही तिथे मिळते. तिथे एक जुनाट संगणक सापडला, ज्याच्या पोटात फ्लॉपीच्या रुंद पट्टीची जागा शाबूत होती. आजच्या संगणकात ती नसते. मुलगा असा आनंदला, जणू ताम्रपट सापडला.

यंत्र जपले पण त्याला बोलते करणारा गेला, हा अनुभव आमच्या एकट्याचा नाही. १९६६-६७ मध्ये अमेरिकेच्या ‘लूनर ऑर्बिटर’ यानांनी चंद्राची छायाचित्रे पाठवली आणि ती मोठ्या चुंबकीय फितींवर नोंदली गेली. पुढे त्या फिती वाचणारी अँपेक्स कंपनीची अवजड यंत्रे मोडीत निघाली. नासातल्या नॅन्सी इव्हान्स ह्या जतनकर्त्या बाईंनी काही यंत्रे स्वतःच्या जागेत वर्षानुवर्षे सांभाळली, म्हणून २००७ नंतर एका रिकाम्या पडलेल्या मॅकडोनाल्डच्या उपाहारगृहात जुन्या माहितगारांना घेऊन काम उभे राहिले, आणि २००८ मध्ये चंद्राच्या क्षितिजावरच्या पृथ्वीचे १९६६ चे चित्र पूर्वी कधी नव्हते इतके स्पष्ट बाहेर आले. चंद्रावर जाऊ शकणाऱ्या राष्ट्राची ही कथा. मग आमच्या संस्थांनी काय करावे? नव्वदच्या दशकात परिसंवादांतून मी कितीदा ऐकले की अमुक कोश, अमुक संग्रह ‘संगणकात घातला’, आता चिंता नाही. टाळ्या पडत. वाचणारे यंत्र आणि त्याचा दुभाषा कोणाच्या पगारावर राहणार, हा प्रश्न अंदाजपत्रकात बसत नसे. पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई ह्यांनी पंचेचाळीस खंड निवडून छापले; ते शक्य झाले कारण त्यांच्या हाताशी मोडी वाचणारी माणसे होती. जात्यावरच्या ओव्यांचे काम मी उलट बाजूने आठवतो. हेमा राईरकर आणि गी पॉइट्विन ह्यांनी खेडोपाडी फिरून जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्या आज ऐकता-वाचता येतात, कारण त्यांच्यानंतरही तो संग्रह हातोहात पुढे नेणारे लोक निघाले आणि २०१७ पासून ‘पारी’ने तो लोकांपुढे आणला. नुसता साठा कुलूपबंद ठेवून हे झाले नसते.

आमचा दुभाषा शेवटी लिनक्सच्या जगात भेटला. तिथे बास लार्होव्हेन ह्यांनी ‘एफटेप’ नावाचा ड्रायव्हर लिहिला होता, पुढे क्लाउस-युस्टुस हाइने ह्यांनी त्याची निगा राखली. मग निगा राखणारे कोणी उरले नाही आणि २००७ मध्ये तो मुख्य प्रणालीतून काढून टाकण्यात आला. पण त्याची संहिता कोणी जाळली नव्हती; ती सर्वांना वाचता येईल अशी होती. २०२५ मध्ये एका प्रोग्रॅमरने कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेऊन ती आजच्या प्रणालीवर चालेल अशी करून घेतली. म्हणजे इथेही पोथीचाच न्याय: ज्या ग्रंथाच्या प्रती उघड्यावर होत्या तो मेला नाही, त्याला टीकाकार मिळाला. फितीवर लिहिणारे मूळ विक्रीचे सॉफ्टवेअर मात्र बंद कुलपातले होते. त्याने बांधलेले गाठोडे सोडवण्याची रीत वेगळी शोधावी लागली.

दुभाषा मिळाला तरी पाहुणा आजारी होता. यंत्रातली रबराची चाकी डांबरासारखी चिकट होऊन बसली होती. मुलाने ती खरवडून काढली आणि स्कूटरच्या पेट्रोलच्या नळीचा तुकडा तिच्या जागी बसवला. कार्ट्रिजच्या आत एक ताणलेला पट्टा असतो, फीत तोच ओढतो. तीस वर्षांत त्याचा जीव गेलेला. कोऱ्या पाचव्या कार्ट्रिजचा पट्टा पहिल्याला लावला, वाचून झाल्यावर तोच काढून दुसऱ्याला. हे काम त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर, वहिनींच्या चष्म्याच्या दुकानातून आणलेल्या बारीक पेचकसाने केले. वहिनी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मटार सोलत त्या समोर बसून होत्या आणि मधूनच विचारत, ‘‘भावजी, आवाज येतोय का?’’

आवाजाचा प्रश्न उगाच नव्हता. शब्द टंकायला एक फीतही पुरून उरली असती. चार लागल्या त्या दादांनी उच्चारही नोंदवले म्हणून. सेकंदाला आठ हजार नमुने घेतले की माणसाचे बोलणे टेलिफोनवर नीट ओळखू येते, हा त्यांच्या खात्यातला नेम. त्या हिशेबाने एका कार्ट्रिजमध्ये चार तासांचे बोलणे मावते. रेडिओच्या दर्जाचा आग्रह त्यांनी धरला नाही. ‘‘फोनवर आई ओळखू येते ना, मग झाले,’’ असे ते म्हणाल्याचे वहिनींना आठवते.

पहिले कार्ट्रिज जवळजवळ अखंड निघाले. काही ठिकाणी फितीवरचा थर झिजला होता, पण लिहितानाच तिच्यावर प्रत्येक बत्तीस घरांपैकी एकोणतीस घरांत मजकूर आणि तीन घरांत त्याचा पडताळा ठेवलेला असतो. एखाददुसरे घर पडले तर बाकीच्यांवरून ते पुन्हा बांधता येते. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशी एकाच ऋचेची वेगवेगळी वीण ज्यांनी तोंडपाठ केली त्यांना ह्यात नवे काही वाटले नसते.

त्या जुन्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर दादांचा मजकूर प्रथम उमटला तो रेघांच्या रूपात. उभ्या रेघा, कोपरे, दुहेरी चौकटींचे तुकडे. पडक्या वाड्याच्या जाळीदार खिडक्या ओळीने मांडल्यासारखे. मुलगा हिरमुसला. मला मात्र त्यात क्रम दिसत होता. काही तुकडे पुनःपुन्हा येत होते, आणि ओळीच्या शेवटी येणारी जोडी एकच होती. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. दादांनी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड वापरले होते आणि मजकूर इस्कीच्या संकेतात होता. हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण संकेत १९९१ मध्ये पक्का झाला. त्यात ‘क’ला १७९ क्रमांक, आणि कार्ड नसलेला संगणक १७९ पाहिला की उभी रेघ काढतो, कारण त्याच्या कोष्टकात तिथे तक्त्याच्या चौकटी काढायची चिन्हे आहेत. आमची सारी व्यंजने ह्या चौकटींत अडकली होती. इस्कीवरूनच युनिकोडची देवनागरी बेतलेली असल्याने पुढचे रूपांतर सोपे होते, असे मुलगा म्हणाला, आणि रात्रीत त्याने कोष्टक लिहिले.

सकाळी छापील पाने पाहिली. ‘बिजोऱ्या’ ह्या नोंदीत ‘बिजोर्या’ असे उमटले होते. त्याने हाताशी असलेले हिंदीचे नियम लावले होते आणि हिंदीला हा ‘ऱ्य’ लागत नाही. मी त्याला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ लिहून दाखवले. एकात समुद्र, दुसऱ्यात डोंगरातल्या खिंडी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ असे लिहून दाखवल्यावर त्याला हसू आवरेना. दादांनी टंकताना हा भेद प्रत्येक ठिकाणी पाळला होता. पन्नासएक नोंदी अशा निघाल्या.

चौथे कार्ट्रिज म्हणजे पहिल्याचीच सहा महिने आधीची प्रत आहे हे कळल्यावर माझ्यातला पाठचिकित्सक जागा झाला. आधीच्या प्रतीत ‘बिजोरे: कोहळ्याच्या बियांचे सांडगे’, नंतरच्या प्रतीत ‘तिळाचे सांडगे, कोहळ्याच्या बियांसह, अनेकवचनी बिजोऱ्या, आ.’ ‘आ.’ म्हणजे आई. कोणता पाठ ग्राह्य? मी दोन्ही पाने वहिनींपुढे ठेवली. त्यांनी चष्मा सारखा केला आणि दोन्ही पाठ नाकारले. ‘‘उडदाची डाळ राहिली. डाळ नसेल तर ते धरणार कसे? तुमच्या दादांनी कधी केलेत का?’’ भांडारकर संस्थेच्या संपादकांना अशी साक्ष मिळाली असती तर महाभारताची सिद्ध आवृत्ती १९६६ च्या पुष्कळ आधी पुरी झाली असती, असे माझ्या मनात आले. समासात मी उडीद डाळ लिहिली आणि पुढे वहिनींच्या नावाचे आद्याक्षर.

दुसऱ्या कार्ट्रिजातून आवाज निघाले, तुटक तुटक. आत्या बोलते आणि मध्येच नाहीशी होते. तिचा ‘च’ आणि ‘ज’ ऐकताना माझ्या लक्षात आले की ती दोन्ही प्रकारचे ‘च’ काटेकोर उच्चारत होती. माझ्या पिढीने इथे हिंदीच्या सवयीने एकच ठेवला आहे. हा बारकावा नोंदीत कुठेच नाही, कारण लिपीत त्याला वेगळी खूण नाही. तो फक्त त्या आवाजात आहे.

आईचा आवाज त्यात नव्हता. पहिल्या फितीवर दादांची एक यादी सापडली: कोण कोणत्या फितीवर आणि किती मिनिटे. आत्या, दोन. दमोहच्या मावशी, दोन. आई, तीन, एकशे दहा मिनिटे. तिसऱ्या कार्ट्रिजचा पट्टा वितळून फितीलाच चिकटला आहे. मुलगा म्हणतो, जोर लावला तर थर निघून येईल. कवच उघडून फीत हळूहळू सोडवावी लागेल आणि कोऱ्या कार्ट्रिजच्या चाकांवर चढवावी लागेल. घाई नको. त्याची परीक्षा आहे, त्यामुळे होळीनंतर.

वहिनींना हे सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘सासूबाई एकदा बोलायला लागल्या की थांबत नसत. पट्टा तुटणारच.’’ आणि आतून एक जुनी सुती साडी आणून त्यांनी ते कार्ट्रिज तिच्यात गुंडाळले. डब्यात ते आता मोडी कागदांच्या रुमालाशेजारी आहे. वर मी आकडा नीट दिसेल अशी चिठ्ठी लावली आहे.